सड्यावरचा अधिक एक

रितेश पुण्याहून यायचा होता त्या रविवारी गोदूबाईंनी सकाळीच बंदरावरून सुरमई आणली. मग तो मासे खात नाही असं कळलं, तेव्हा पुण्याबद्दल जे बोलायचं ते त्यांनी बोलून घेतलं आणि कडव्या वालांची उसळ टाकली. बाहेरच्या खोलीत त्यांची दोन मुलं, रुचिरा आणि दीपेश, टेबलावर पट मांडत होती. रुचिरा चाळिशीला आलेली, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. दीपेश तिच्याहून बराच लहान. "घोडे झाले तरी सोंगट्या सुटत नाहीत," असं गोदूबाई एरवी दर रविवारी म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

त्या दिवसावर काय अवलंबून आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दीपेशची कंपनी ऐरोलीची. टाळेबंदीत तो लॅपटॉप घेऊन घरी आला आणि राहिला तो राहिलाच. आता जूनपासून कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं होतं. रितेश ज्या छोट्या संस्थेत होता ती पटावरचे खेळ काढत असे. तिला हा युद्धाचा खेळ पसंत पडला तर पाठोपाठ आणखी दोन हवे होते, आणि ते काम दीपेशने रत्नागिरीतच बसून करायचं होतं. खेळ घेतला तर तो नोकरी सोडून इथे राहणार, नाही घेतला तर जूनमध्ये जाणार. रुचिरा-दीपेशचे वडील केरू आयुष्यभर होडीवर तांडेल होते. डोळे अधू झाल्यावर त्यांनी होडी पुतण्याला दिली होती, आणि संध्याकाळी दीपेशच्या मोटारसायकलवर मागे बसून धक्क्यावर जायची त्यांना सवय लागली होती.  त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसले होते.

खेळ दोघांनी मिळून केला होता. कल्पना आणि चित्रं दीपेशची, नियम रुचिराचे. एक बाजू घाट उतरून येणारी, दुसरी समुद्राकडून खाडीत शिरणारी, आणि मधे कोकणपट्टीचा एक तुकडा, षट्कोनी घरांमध्ये विभागलेला. पट सपाट नव्हता. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी चार पातळ्या केल्या होत्या: सगळ्यात खाली खाडी, मग भातशेतीची सखल खलाटी, मग बागांचा उतार, आणि सगळ्यात वर सडा, म्हणजे कातळाचं ते लांबरुंद सपाट माळरान. प्रत्येक सोंगटीला एका डावात, म्हणजे एका पाळीत, चार पावलं. सपाटीवरचं घर एका पावलाचं, चढाचं तीन पावलांचं. पावसाळी डावात उतरायलाही तीनच, कारण पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि तिथून खाली येणारा माणूस वर जाणाऱ्याइतकाच सांभाळून पाय टाकतो. हा नियम रुचिराचा होता आणि तिचा आवडता होता. बाहेरच्या कुठल्याही खेळात तिने तो पाहिला नव्हता.

उंचीचा फायदा मात्र त्यांनी बाहेरच्या खेळांत असतो तसाच ठेवला होता. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर हल्ला केला तर फाशावर अधिक एक, आणि तोफ वर असेल तर तिचा पल्ला एका घराने जास्त. याबद्दल त्यांचं कधी दुमत झालं नव्हतं. सडा कसा दाखवायचा हेही सरळ वाटलं होतं. बाबांनी एकदा कागदावर किनाऱ्याची रेघ काढून दिली होती, आरे-वारेपासून खाडीच्या तोंडापर्यंत, समुद्रातून होडी परत येताना दिसते तशी. खाली झाडांचा पट्टा आणि त्याच्या वर सरळ तुटलेली सड्याची कड. दीपेशने तीच रेघ खोक्याच्या झाकणावर घेतली होती. तिच्यात सडा एखाद्या भिंतीसारखा उभा होता आणि त्यावर चढलेल्याला सगळं दिसत असणार हे कोणी सांगायची गरज नव्हती.

रितेश अकराच्या सुमारास आला. तिशीचा, मऊ बोलणारा, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा मुलगा. आल्याआल्या त्याने पटावर वाकून थरांवरून बोट फिरवलं आणि हे छापताना महाग जाईल पण सोडवत नाही, असं म्हणाला. शेवाळाचा नियम वाचून तो हसला आणि पुन्हा वाचला. दीपेशने रुचिराकडे पाहिलं. एवढ्या वेळात प्रथमच त्याचे खांदे जरा सैल झाले.

रितेशने घाटावरची बाजू घेतली, दीपेशने खाडीची. रुचिरा पंच म्हणून टेबलाच्या टोकाला बसली.

सुरुवातीचे डाव चांगले झाले. दीपेशने भरतीच्या डावात होड्या आत घातल्या आणि खलाटी घेतली. रितेशने तिकडे लक्षच दिलं नाही. तो शांतपणे पूर्वेच्या बाजूने सड्यावर चढला आणि त्याने दोन्ही तोफा सड्याच्या अगदी मधोमध नेऊन ठेवल्या, कडेपासून दोन घरं आत. तिथे त्याच्यापर्यंत कोणी पोचू शकत नव्हतं. आणि तिथून, वाढलेल्या पल्ल्याने, उतारावरचं प्रत्येक घर त्याच्या माऱ्यात येत होतं. दीपेशच्या सोंगट्यांना एक चढ चढायला जवळजवळ अख्खा डाव लागे, तेवढ्यात तोफा दोनदा बोलत, दोन्ही वेळा अधिक एक घेऊन. उतार रिकामा होत गेला.

पडवीतून बाबांनी कोण जिंकतंय असं विचारलं. आतून गोदूबाई म्हणाल्या, "पाव्हणा. आपला मेला पाण्यातच बसलाय."

दीपेश हसला नाही. तो हनुवटीवर मूठ ठेवून पटाकडे बघत होता. मग तो खाली वाकला, इतका की त्याचा डोळा पुठ्ठ्याच्या उताराच्या पातळीला आला, आणि तिथून त्याने वर पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "याच्या तोफा सड्याच्या मधे आहेत. तिथून त्याला मी दिसतोय तरी का?"

रुचिरासमोर नियमांची छापील प्रत होती. तिला ती बघावीही लागली नाही.

"आपल्या नियमात दिसण्याचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "उंचीचा आहे. अधिक एक."

तिला तेव्हा असं वाटलं की आपल्याच भावाला हरताना पाहून पंचाने थांबायचं नसतं. पाहुण्यासमोर तर नाहीच. खेळ किती काटेकोर आहे हे त्यालाही दिसलं पाहिजे. दीपेशने मान हलवली, सरळ बसला आणि फासा टाकला. आणखी तीन डावांत निकाल लागला.

जेवताना रितेशने उसळीचं मनापासून कौतुक केलं आणि दोनदा वाढून घेतली. गोदूबाईंचं त्याच्याबद्दलचं मत तेवढ्यात बदललं. मग दुपारी दीपेश आणि त्याने बाजू बदलून पुन्हा डाव मांडला. या वेळी दीपेश सड्यावर आधी पोचला आणि रितेश हरला, तितक्याच लवकर. त्यानंतर रितेश थोडा वेळ सोंगट्या डबीत भरत राहिला. तो वाईट बातमी चांगल्या शब्दांत सांगणाऱ्यांतला होता. पट सुंदर आहे, म्हणाला, पावसाचे नियम तर त्याने कुठेच पाहिलेले नाहीत. पण जो सड्यावर पहिला पोचतो तो जिंकतो, आणि हे दुसऱ्यांदा खेळतानाच कळतं. मग तिसऱ्यांदा खेळायचं कशासाठी? उंचीचा फायदा कमी केला तर, असं दीपेशने विचारलं. रितेश म्हणाला की त्याने तेही मनात करून पाहिलं, फायदा काढला तर सडा नुसताच रंगीत पुठ्ठा होतो. त्या वर्षीच्या खेळांची निवड महिनाअखेरीला होती. तोवर काही सुचलं तर जरूर कळवा, असं सांगून तो संध्याकाळच्या बसने गेला.

महिनाअखेरपर्यंत त्यांनी पुष्कळ करून पाहिलं. अधिक एकचा अर्धा करता येत नव्हता. तोफ एकच ठेवली तर खाडीची बाजू भारी होई. चढाची तीन पावलं दोन केली तर सड्यावर पोचायची शर्यत आणखी आधी संपे. रुचिराने वहीत गणितं मांडली, शक्यता काढल्या, आणि प्रत्येक वेळी सडा एक तर सगळं ठरवत होता किंवा काहीच नाही. दीपेश एका रात्री म्हणाला की चूक कुठेतरी आहे हे कळतंय, कुठे ते दिसत नाहीये. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने कंपनीला येतो म्हणून कळवलं.

तो गेला त्या दिवशी बाबा धक्क्यावर गेले नाहीत. गोदूबाईंनी सुकी कोळंबी, कुळथाचं पीठ आणि कोकमं बांधून दिली आणि तिथली भाजी खाऊन वाळू नकोस एवढं म्हणाल्या. पट त्याने नेला नाही. तो रुचिराच्या कपाटावर राहिला.

श्रावणात कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या दीपालीने मुलांना सड्यावर न्यायचं ठरवलं. पावसाळ्यात तिथल्या उघड्या कातळावर इवली इवली फुलं येतात, निळी, जांभळी, पिवळी, आणि त्यासाठी ती दरवर्षी सहल काढत असे. बरोबर यायला कोणी शिक्षक मिळेना म्हणून तिने रुचिराला ओढलं. रुचिरा या सड्यावरून शेकडो वेळा गेली होती, पण एसटीने. एसटीतून तो सपाट सरळ रस्ता होता, डुलकी घ्यायला बरा. बंदरावरून पाहिला की तो डोंगर होता. त्याच्या मधोमध जाऊन उभं राहायचं तिला कधी काही कारणच पडलं नव्हतं. तिचे लोक पाण्यावर जाणारे. सड्यावर त्यांची गुरं नव्हती, गवत नव्हतं, काही नव्हतं.

पाऊस उघडला होता. दीपाली मुलांना कातळाच्या खळग्यांत साचलेलं पाणी दाखवत होती. रुचिराचं काम मुलं हरवू न देण्याचं. तिने मोजली तर पाच कमी. ती आजूबाजूला बघू लागली. तीनशे पावलांवर सड्याची कड होती, त्यापलीकडे एकदम समुद्र, दूरवरचा, करडा, त्यात एक ट्रॉलर ठिपक्याएवढा. किनारा नाही. सुरूची झाडं नाहीत. उतार नाही. जणू कातळ संपतो तिथून समुद्रच सुरू होतो.

तिने हाका मारल्या. मुलांची उत्तरं कडेच्या बाजूने आली, हसण्याचे आवाजही, पण दिसेना कोणी. ती कडेकडे चालू लागली. किनारा हळूहळू वर आला, आधी लाटांची पांढरी रेघ, मग वाळू, मग झाडांचे शेंडे. अगदी कडेशी पोचली तेव्हा तिला खालची कलमांची बाग दिसली. मुलं तरीही नाहीत. ती पाचही जणं तिच्या पायाखाली, कडेला लागून असलेल्या पायवाटेच्या वळणावर, करवंदीच्या जाळीशी बसून वडापाव खात होती. तिने वाकून पाहिलं तेव्हा कुठे एका मुलीची वेणी दिसली.

"मॅडम, इथे वारा लागत नाय म्हणून बसलो," ती मुलगी घाईने म्हणाली.

रुचिरा रागावली नाही. ती तिथेच उभी राहिली. मग मुलांना नवल वाटेल अशी एक गोष्ट तिने केली. ती पाठमोरी न होता, तोंड समुद्राकडेच ठेवून, एक एक पाऊल मागे सरत गेली. बाग गेली. झाडं गेली. वाळू गेली. शेवटी फक्त समुद्र उरला.

हे दहावीच्या पुस्तकातलं होतं. डोळ्यापासून निघालेली रेषा कडेला घासून पुढे जाते आणि त्या रेषेखालचं सगळं झाकलेलं राहतं. जेवणाच्या टेबलाच्या मधे उभ्या असलेल्या मुंगीला टेबलाचा पाय दिसत नाही. शिखर असलेल्या डोंगरावर हा प्रश्न येत नाही, आणि ज्या खेळांतून त्यांनी नियम घेतला होता त्या खेळांतले डोंगर शिखरांचे होते. सड्याला शिखर नसतं. सड्याच्या मधे तुम्ही सुरक्षित असता आणि आंधळे असता. कडेला आलात तर दिसतं, पण मग खालूनही तुम्ही दिसता, आणि तरीही अगदी पायाशी आलेला माणूस तुम्हाला दिसत नाहीच.

सहलीच्या बसमध्ये दीपाली तिला फुलांची नावं सांगत होती. रुचिरा हूं हूं करत होती. नियम तिच्या डोक्यात पूर्ण होत होता. अधिक एक फक्त कडेच्या घरांना. मधल्या घरांतून उतारावर मारा नाही. कडेच्या तोफेचा मारा लगतच्या खालच्या घरावर नाही. बस्स, तीन ओळी. मग सड्यावर जाणाऱ्याला ठरवावं लागेल, लपायचं की बघायचं. चढणाऱ्याला शेवटचं घर आसऱ्याचं मिळेल. उंची मौल्यवान राहील, पण तिची किंमत मोजावी लागेल. तिने संध्याकाळी कपाटावरून पट काढला, दोन्ही बाजू स्वतःच खेळली, आणि जेवायला हाक आली तेव्हा कोणीच जिंकलेलं नव्हतं.

नियम सापडल्याचा आनंद तिला झाला, पण तो फार टिकला नाही. कारण डाव आवरताना तिला दीपेशचं वाकलेलं डोकं आठवलं. त्याने डोळा उतारावर नेऊन पाहिलं होतं. त्याला अर्धं सापडलं होतं, निवडीच्या आधी, वेळेत, त्या टेबलावरच. ती फक्त एवढं म्हणाली असती की थांब, बघू या, तर रितेश तिथेच बसलेला होता. त्यालाही आवडलं असतं. आणि ती म्हणाली होती, दिसण्याचा प्रश्न नाही. तिने. वर्गात प्रकाशकिरणांच्या रेषा फळ्यावर आखणारीने.

रितेशला तिने त्याच रात्री लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं, लांब आणि आपुलकीचं. हा बदल फार छान आहे, खेळ आता उभा राहिला असं त्याला वाटत होतं. पण या वर्षीचे आणि पुढच्याही वर्षीचे खेळ ठरून गेले होते, आणि सलग तीन खेळांचं जे काम होतं ते नागपूरच्या एका जोडीला दिलं होतं. पुढे कधीतरी जरूर पाठवा.

दीपेशला तिने फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तो ऑफिसातून खोलीवर चालत निघाला होता, मागे गाड्यांचे हॉर्न होते. तिने सड्यावरचं सगळं सांगितलं, मुलं, वेणी, मागे सरत जाणं. त्याने नीट ऐकलं. नियम सांगितला तेव्हा तो थांबला असावा, कारण हॉर्न बराच वेळ एकाच जागचे येत राहिले.

"भारी आहे ताई," तो म्हणाला. "सोपं होतं नाही? आपल्याला सुचायला हवं होतं."

"तुला सुचलं होतं. तू विचारलंस मला. रितेशसमोर."

"काय विचारलं?"

तिने त्याचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं, आणि आपलं उत्तरही.

"असं म्हणालो होतो मी?" त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही गं, मला नाही आठवत. हरत होतो म्हणून काहीतरी बोललो असेन. तू नको मनाला लावून घेऊ." मग त्याने बाबांच्या डोळ्यांचं विचारलं आणि त्यांना थेंब वेळेवर घालायला सांगितलं. त्याला नवीन टीम दिली होती. बोलण्यात कुठेही राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

गणपतीला तो आला. घरचा गणपती पाच दिवसांचा, सुट्टी त्याला तीनच दिवसांची. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळं घर भरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती आणि जेवणं आटोपल्यावर पडवीत पत्त्यांचा डाव बसला. रुचिराने आतल्या खोलीत पट मांडला. सड्याच्या कडेची घरं तिने लाल रंगाने रंगवली होती. चुलतभाऊ आत्माराम दारातून डोकावला आणि म्हणाला, "चालू द्या तुमची लढाई. कोण वाचला तर पत्त्याला पाठवा."

दीपेशने खाडीची बाजू घेतली. रुचिराने मुद्दाम तोफा सड्याच्या मधे ठेवल्या आणि तो चढू लागला तेव्हा तिला काहीच करता येईना. मग तिला त्या कडेला आणाव्या लागल्या, आणि तो बरोबर त्याच वेळी शेवटच्या आडोशाच्या घरात पोचला. त्याच्या तोंडून हलकी शीळ आली. डाव खरोखर चांगला होता. त्यांनी एवढी वर्षं केलेल्या सगळ्या डावांत इतका चांगला डाव झाला नव्हता. बाबा काठी टेकत आत आले आणि खुर्चीवर बसून बघू लागले. त्यांना घरं दिसत नव्हती, पण कोणाची पाळी आहे ते आवाजावरून कळत होतं.

पाऊस धरला होता. रुचिराने पावसाळी डाव जाहीर केला. दीपेशला एक सोंगटी उतारावरून खाली खलाटीत आणायची होती. त्याने ती उचलली, हवेत धरली आणि थांबला.

"ताई," त्याने विचारलं, "पावसात उतरायला किती पावलं लागतात आपल्यात?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. पाहुणा जसा नियम विचारतो, सोंगटी चुकीच्या घरात पडू नये म्हणून, तसं त्याने विचारलं होतं.

"तीन," ती म्हणाली.

"हां, तीन," तो म्हणाला. त्याने बोटाने घरं मोजली, सोंगटी ठेवली आणि फासा तिच्याकडे सरकवला.